कोण बसलंय?

तायडे अक्का फोनवर कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. रिसीव्हर उचलला की पहिला प्रश्न, "कोण बसलंय?"

नवा माणूस गांगरायचा. धुळ्याच्या शाखेतला एक जण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मॅडम, मी उभाय."

"उभा असशील तर आधी बस. मशीनपुढे कोण बसलंय हे कळल्याशिवाय मी बोलत नाही."

हा किस्सा मी आजवर खूप ठिकाणी सांगितला आहे. लग्नांत, चहाच्या टपरीवर, त्यांच्या निरोप समारंभातसुद्धा. लोक हसतात. अक्कांचे किस्से सांगणारा म्हणून ऑफिसात माझी थोडी ख्यातीही आहे. पण दर वेळी मी एका रविवारच्या अलीकडे थांबतो. आज थांबणार नाही. त्या रविवारशिवाय सांगितलेल्या अक्का अर्ध्याच राहतात, आणि त्यांना अर्ध्या ठेवण्यात सोय फक्त माझी आहे.

आमचं तपासणी केंद्र होतं. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्त वगैरे. मुख्य केंद्र जळगावला, शाखा धुळ्याला, चोपड्याला आणि पाचोऱ्याला. तपासणी जिथल्या तिथे व्हायची, पण रिपोर्ट लिहिण्याचं सगळं काम जळगावच्या एका सर्व्हरवर चालायचं. शाखेतल्या टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. धुळ्याचा टायपिस्ट धुळ्यात बोटं चालवायचा, पण त्याची फाईल उघडलेली असायची जळगावच्या मशीनमध्ये. घर एकच, खोल्या ज्याच्या त्याच्या, असा तो प्रकार. लिहिण्याचं सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर जळगावात एकदा बदललं की चारी गावांना मिळायचं. मात्र बदलताना त्या घरात एकही माणूस असता कामा नये. कुणाची फाईल उघडी असताना त्याला बाहेर काढलं, तर त्यानं सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

आणि लोक तर कधी बाहेर पडायचेच नाहीत. कोपऱ्यातली फुली दाबायची, पडदा काळा झाला की उठून जायचं. आत फाईल तशीच उघडी.

"खिडकी लावली म्हणून माणूस घराबाहेर गेला होय?" अक्का ओरडायच्या.

अशा वेळी इतर ठिकाणी सगळ्यांच्या पडद्यावर एक सूचना टाकतात, थोडा वेळ थांबतात आणि उरतील त्यांना काढून टाकतात. अक्कांना ते पटायचं नाही. "पाटी लावली म्हणजे ती वाचली असं नसतं." त्या एकेकाला फोन लावायच्या. या कामाला त्यांचा शब्द होता, आवाज घेणं. ज्याचा आवाज मिळाला त्याच्या नावापुढे यादीत बरोबरची खूण, ज्याचा मिळाला नाही त्याच्यासाठी सगळं काम थांबलेलं. शेवटचं बटण त्या स्वतः दाबायच्या. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण त्या बटणावर त्यांनी मला बोट ठेवू दिलं नाही.

धुळ्याचा निंबाभाऊ बोरसे हा त्यांचा आवडता टायपिस्ट. त्याचा आवाज घेताना त्या मुद्दाम स्पीकर लावायच्या, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

"कोण बसलंय?"

"मी निंबा, अक्का."

"पडद्यावर काय शे?"

"काहीच नही. निया शे नुसता." निळा पडदा म्हणजे माणूस आतून नीट बाहेर पडलेला.

"हात कुठे आहेत?"

"मांडीवर."

"दोन्ही?"

"एकमा फोन धरेल शे ना, अक्का!"

अक्का स्वतःच्याच विनोदावर हसाव्यात तशा हसायच्या, खुर्ची मागे रेलून, चष्मा कपाळावर सरकवून. मग चटकन गंभीर. "म्हण, निघालो." "निंघनू, अक्का." की झाली खूण.

चोपड्याच्या डॉक्टरांना हे सगळं पोरकट वाटायचं. एकदा ते चिडून म्हणाले, "तायडेबाई, मी एमडी आहे. माझे हात कुठे आहेत हे मी तुम्हाला सांगायचं?" अक्का अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही ऑपरेशन करताना नर्सबाई कापसाचे बोळे मोजतात ना? तेव्हा त्यांना तुम्ही एमडी आहे म्हणून सांगता का?" पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. मग, "मांडीवर आहेत." अक्कांनी खूण केली आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "ऑपरेशन करत नाहीत ते, फोटो बघतात. पण मुद्दा पोचला."

पाचोऱ्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तिथला माणूस कशालाही हो म्हणायचा. "पाचोऱ्याचा हो उकळून प्यायचा," असं त्या म्हणायच्या, आणि त्या बिचाऱ्याला तीन-तीनदा फोन लावायच्या. तो नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी अतिशय नीटस मुलगी आली, तरी पाचोऱ्याला तीन फोन लागायचेच. एकदा मनात बसलं की बसलं. अक्कांचा हा दोषही सांगायला हवा. त्या हाताखालच्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त बोलायच्या, "तुला माफ केलं तर मला कुणी माफ करत नाही," हे वर. डब्यातला ठेचा त्या कुणाला देत नसत. आणि स्वतःची चूक झाली की "असं कसं झालं बुवा" म्हणायच्या, "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकला. तो पुढे येईल.

आवाजाचं हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एसटीत सांगितलं. धुळ्याला नव्या पेट्या बसवायला निघालो होतो. पारोळा मागे पडलं होतं, अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांचे वडील लाईनमन होते, नरडाण्याकडे. एकदा ते खांबावर असताना खाली कुणीतरी 'उतरला' असा आवाज दिला आणि दुसऱ्यानं खटका ओढला. जीव वाचला, उजव्या हाताची बोटं गेली.

"आवाज कुणी दिला होता?" मी विचारलं.

"बाबांनी कधी सांगितलं नाही. आईनं विचारून विचारून नाद सोडला. ते म्हणायचे, ज्यानं खटका ओढला त्यानं एकदा वर बघायला पाहिजे होतं." अक्कांनी टरफलं पदरातून खिडकीबाहेर झटकली. "मला वर बघता येत नाही रे. धुळं काय इथून दिसतं? म्हणून आवाज."

आता तो रविवार.

हिवाळा होता. लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती इतकी जुनी झाली होती की बाहेरून आलेल्या निम्म्या फाईली उघडायच्या नाहीत. शेठजींनी नवी घेतली होती. शेठजी म्हणजे आमचे मालक, मारवाडी, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारे. त्यांचं सांगणं एवढंच होतं की सोमवारी सकाळी सगळीकडे नवं चालू पाहिजे. अक्कांनी रविवार दुपार ठरवली. रविवारी सगळीकडे सामसूम असते, या कामासाठी बोलावलेले टायपिस्ट तेवढे येतात; फक्त धुळ्याचं सीटी स्कॅन अपघाताच्या पेशंटसाठी उघडं असतं.

मला त्या दिवशी भरीताचं आमंत्रण होतं. जळगावकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मित्राच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला पडली होती, कळण्याच्या पुऱ्या होत्या, आणि मला सारखे फोन येत होते, "अरे, लवकर ये, नाहीतर भांडं पुसायला मिळेल." माझ्या हातून जे झालं त्याला एखादं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. तसं काही नव्हतं. मला भूक लागली होती आणि तिकडे मजा चालली होती.

अक्कांनी यादी वाटून घेतली. चोपडा आणि पाचोरा त्यांच्याकडे, जळगाव आणि धुळं माझ्याकडे. एकेक नाव मोकळं होत गेलं. शेवटी उरला निंबाभाऊ. सर्व्हरवर त्याच्या नावापुढे दिसत होतं की खिडकी बंद आहे, आतलं काम मात्र बंद केलेलं नाही. मी फोन केला. घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा केला. तेच. मला वाटलं, रविवारची दुपार, फुली दाबून घरी गेला असेल.

पलीकडच्या टेबलावरून अक्का म्हणाल्या, "निंबाभाऊचा घेतला का?"

"घेतला."

"काय म्हणाला?"

इथे मी गप्प बसलो असतो, अडखळलो असतो, तरी त्यांच्या लक्षात आलं असतं. मी म्हणालो, "जेवायला निघालाय. हात धुतोय म्हणाला."

हात धुतोय. अक्का हसल्या. अगदी निंबाभाऊ म्हणेल असंच ते होतं, मी त्याला इतकं ओळखत होतो. त्यांनी खूण केली, चष्मा खाली ओढला आणि बटण दाबलं.

धुळ्यात काय झालं होतं ते नंतर जुळवलं. मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस आला होता. वासुदेव त्याचं नाव, नरडाण्याच्या पुढच्या एका खेड्यातला. एका दवाखान्यानं त्याला डोक्याच्या स्कॅनसाठी पाठवलं होतं. स्कॅन झालं. फोटो बघणारे डॉक्टर जळगावला घरी बसून बघायचे आणि फोनवर मजकूर सांगायचे. डॉक्टरांनी सांगितलं, कवटीच्या आत रक्त साचतंय. निंबाभाऊनं तो मजकूर टाईप केला.

कसा टाईप केला, हे महत्त्वाचं आहे. आमचे सगळे टायपिस्ट एकाच पद्धतीनं काम करायचे. कोरा नमुना कुणी उघडायचं नाही. आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघडायचा, वर नवं नाव टाकायचं, ती फाईल नव्या नावानं सेव्ह करायची आणि मग खालचा मजकूर बदलत जायचा. मांडणी, डॉक्टरांची सही, सगळं आयतं मिळतं. निंबाभाऊनं तसंच केलं होतं. आधीचा रिपोर्ट एका पोराचा होता, निर्दोष. त्यावर वासुदेवचं नाव टाकून सेव्ह केलं, मग रक्त साचल्याचा मजकूर लिहिला, आणि छापायला गेला तर प्रिंटरची शाई संपलेली. शाई आणायला तो ओळखीच्या दुकानदाराच्या घरी धावला. फोन ड्रॉवरमध्ये चार्जिंगला. जाताना खिडकी बंद करून गेला, कारण पेशंटचा रिपोर्ट पडद्यावर उघडा टाकून उठायचं नाही, हा नियम होता. नियम अक्कांचाच.

बटण दाबलं गेलं तेव्हा लिहिलेला मजकूर गेला. मागे उरली ती आधी सेव्ह केलेली फाईल. वर वासुदेवचं नाव, खाली त्या पोराचं निर्दोष डोकं.

नवं सॉफ्टवेअर चढलं, सर्व्हर पुन्हा सुरू झाला. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होतो. पण अक्कांचा दुसरा नियम उरला होता. काम झाल्यावर त्या पुन्हा प्रत्येकाला फोन करायच्या, त्याची शेवटची फाईल उघडायला लावायच्या आणि मोठ्यानं वाचून घ्यायच्या. "उघडली म्हणू नकोस, वाच." चोपडा झालं. पाचोरा तीनदा झालं. मग धुळं. या वेळी निंबाभाऊनं पहिल्याच घंटीला उचलला.

"कोण बसलंय?"

"मी, अक्का. आत्तेच उनू. शाई आणाले जायेल व्हतू."

शाई आणायला. अक्कांची नजर माझ्याकडे वळली, रागानं नाही, नुसतं काहीतरी जुळत नाही म्हणून. मी किल्लीकडे बघत राहिलो.

"वाच," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

रिपोर्ट इंग्रजीत असायचे. निंबाभाऊ शाळेतल्या मुलासारखा एकेक शब्द सुटा करून वाचायचा. नाव वाचलं, वय वाचलं. मग 'नो एव्हिडन्स ऑफ' इथपर्यंत आला आणि थांबला.

"अक्का, हाई मी लिखेल नही."

"काय लिहिलं होतंस?"

"रगत शे डोकामा. मी लिखं व्हतं. डॉक्टरसनी सांगेल, मी लिखेल..." आणि मग लांबून, फोन बाजूला धरून, काउंटरवरच्या मुलीला, "वासुदेवना रिपोर्ट कोठे शे?"

तिचं उत्तर आम्हालाही ऐकू आलं. नातेवाईक घाई करत होते, म्हणून सर्व्हर सुरू झाल्या झाल्या तिनं निंबाभाऊचा पासवर्ड घालून फाईल काढली होती आणि काउंटरवरच्या बिलं छापायच्या प्रिंटरवर छापून दिली होती. रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर ते लोक दवाखान्यात परत न जाता काळीपिवळी जीप धरून घरच्या वाटेला लागले होते.

अर्जावरचा मोबाईल बंद होता. अक्कांनी तो पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग त्यांनी नरडाण्याला भिकाला लावला. भिका त्यांचा चुलतभाऊ, फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. जळगावातल्या ऑफिसात अक्का कधी अहिराणीत भांडल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून दुसरी भाषा निघालीच नाही.

"भिका, धुळाकडतीन येस ती बठ्ठी काळीपिवळी थांबाड. डोकाले पट्टी बांधेल माणूस देख. वासुदेव नाव शे."

"अक्का, मना गिऱ्हाईक उभा शे..."

"गिऱ्हाईक जाऊ दे खड्डामा! रस्तावर उभा ऱ्हाय!"

फोन त्यांनी ठेवलाच नाही. स्पीकरमधून हायवे ऐकू येत होता. ट्रक जायचे, भिका कुणाला तरी हाक मारायचा, गाडी थांबायची, "कोणी पट्टीवाला शे का?" आणि दार आपटून गाडी जायची. पुन्हा एक. पुन्हा एक. अक्का उभ्या होत्या. त्यांचा एक हात सर्व्हरच्या कपाटावर सपाट ठेवलेला होता, तापलेल्या लेकराच्या अंगावर ठेवावा तसा. माझ्या खिशातला फोन थरथरत होता. भरीतवाले.

बऱ्याच वेळानं भिकाचा आवाज आला, एकदम सैल. "सापडना, अक्का. बरा शे. गाडीमा झोपी जायेल शे."

"उठाड त्याले."

"थकेल शे वं. त्यानी बायको म्हणस, झोपू द्या..."

"भिका, तो झोपेल नही शे! त्याले उठाड! त्याना आवाज ऐकाड माले!"

मग एका बाईचा आवाज. ती नवऱ्याला हाका मारत होती. आधी हळू, संकोचानं, चारचौघांत मारावी तशी, 'ओ... ओ, उठा ना...' मग मोठ्यानं. मग तिनं त्याचं नावच घेतलं. नवऱ्याचं नाव. त्या खेड्यातली बाई, भर रस्त्यात. अक्कांनी डोळे मिटले. उत्तर आलं नाही. आलं ते घशातून, शब्द नसलेलं काहीतरी.

"गाडी फिराव," अक्का म्हणाल्या. "धुळाले. जिथून उनात त्याच दवाखानामा. मी डॉक्टरले सांगस."

वासुदेव वाचला. त्याच संध्याकाळी त्याचं ऑपरेशन झालं. पण बोलणं जड झालं ते झालंच. एकेक शब्द त्याला विहिरीतून ओढून काढावा लागतो.

मी भरीताला गेलो नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही. गेलो असतो तर खाल्लं असतं, एवढं मला स्वतःबद्दल माहीत आहे, म्हणून भीती वाटून गेलो नाही.

शेठजींनी दोघांना बोलावलं. वासुदेवच्या घरच्यांनी तक्रार केली नव्हती, पण शेठजी हादरले होते. ते ओरडले नाहीत, तेच वाईट होतं.

"बाई, निंबा को बाहर किसने निकाला? बटण कुणी दाबलं?"

"मी."

"आवाज घेतल्याशिवाय?"

अक्का म्हणाल्या, "घेतला होता. मी खात्री केली नाही. माझं चुकलं."

हाच तो शब्द. शेठजी माझ्याकडे वळले. "महाजन, तुमको कुछ बोलना है?"

मी म्हणालो, "नाही, शेठजी."

त्यांनी खरंच विचारलं होतं. वेळ दिला होता. टेबलावर काचेखाली देवाची तसबीर होती, तिच्याकडे बघत मी नाही म्हणालो.

अक्कांची बदली धुळ्याला झाली, काउंटरवर देखरेखीला. सर्व्हरच्या आसपास त्यांनी फिरकू नये असं ठरलं. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. निघताना त्यांनी फक्त ठेच्याची बरणी ड्रॉवरमधून काढली आणि म्हणाल्या, "पाचोऱ्याला तीनदा लाव." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

धुळ्याहून बातम्या यायच्या. अक्कांनी सगळ्या टायपिस्टांना कोऱ्या नमुन्यावर लिहायला लावलं. कुणाचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत असेल तर दोघांना उभं करायच्या. आणि दर रविवारी त्या वासुदेवला फोन करायच्या. निंबाभाऊनं मला सांगितलं. "काही बोलत नही त्या. इचारतस, कसा शे? मंग तो बोलस, आन त्या कान लाईसन बसी ऱ्हातस. त्याना एक वाक्य पुरा व्हवालोंग चहा थंडा व्हई जास." कुणी म्हटलं, अक्का, कशाला तो त्रास त्यालाही आणि तुम्हालाही, तर म्हणायच्या, "त्याचा आवाज मला उशिरा मिळालाय. जसा मिळेल तसा घेते."

मी धुळ्याला जायचं टाळत होतो. फोनवर भागतं, आता तर सगळं फोनवरच. पण काही वर्षांनी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती चढवायची वेळ आली. पुन्हा रविवार धरला. आदल्या दिवशी मी धुळ्याला फोन केला.

"कोण बसलंय?"

"मी महाजन, अक्का. उद्या दुपारी तुमच्याकडचे आवाज..."

"फोनवर आवाज देत नाही," त्या म्हणाल्या. "ये आणि बघ." आणि ठेवला.

गेलो. जळगावला माझ्या हाताखालच्या कविताला बसवलं होतं, बटण तिच्या हातात. धुळ्याच्या केंद्राच्या पायऱ्यांवरच अक्का भेटल्या. केस पूर्ण पांढरे, चष्मा तोच, कपाळावर. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मी म्हणालो, "अक्का, वर जाण्याआधी एक बोलायचंय. त्या रविवारी निंबाभाऊचा..."

"त्याच्या फोनवर तुझे दोन मिस्ड कॉल होते. त्याच संध्याकाळी फोनवर वाचून दाखवले त्यानं मला."

मी म्हणालो, "मग शेठजींना का नाही सांगितलंत?"

"शेठजींनी मला विचारलं, बटण कुणी दाबलं. ते मी सांगितलं." अक्का पायऱ्या चढू लागल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "दुसरं तुला विचारलं होतं."

वर त्यांचा दरबार भरलेला होता. त्यांनी सगळ्यांना आपापल्या पेटीपुढून उठवलं, भिंतीला उभं केलं आणि म्हणाल्या, "हात वर." निंबाभाऊ, काउंटरच्या मुली, झाडूवाली मावशीसुद्धा, सगळ्यांचे हात वर. दरोडा पडल्यासारखं दृश्य होतं. एक मुलगी फिस्सकन हसली. शेवटी अक्कांनी स्वतःची खिडकी नीट बंद केली, नीट बाहेर पडल्या आणि त्याही रांगेत उभ्या राहिल्या, हात वर.

"बठ्ठा निंघनात, सगळेच्या सगळे," त्या मला म्हणाल्या. "लाव फोन."

मी लावला. कविता म्हणाली, "सर, धुळं मोकळं?"

हो माझ्या जिभेवर होता. अक्कांनी सांगितलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर सगळे उभे होते. मी म्हणालो, "थांब जरा."

बोळाच्या टोकाला सीटीची खोली होती. तिच्यातही एक पेटी होती, हे मला माहीत होतं, मीच बसवली होती. चालत गेलो. दार लोटलं. आतल्या गार अंधारात यंत्राची घुरघुर चालू होती.

"कोण बसलंय?" मी विचारलं.

खुर्ची रिकामी होती. पडदा निळा होता. कीबोर्डवर कुणाचे हात नव्हते. मी खुर्चीवर हात ठेवून बघितला, गार होती. परत आलो. सगळे तसेच उभे, आता कुणी हसत नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"माझ्यावर विश्वास नाही का रे, महाजन?"

"नाही, अक्का."

निंबाभाऊनं मान खाली घातली. अक्कांनी मला बराच वेळ न्याहाळलं. भिंतीपाशी उभ्या, दोन्ही हात वर, मनगटावरचं घड्याळ सरकून कोपराकडे आलेलं. आता आठवतात त्या अशाच. मग म्हणाल्या,

"आता दे आवाज."

मी फोन कानाला लावला. "धुळं मोकळं आहे, कविता. मी बघितलं."

तेव्हा कुठे अक्कांनी हात खाली घेतले.